हातचं पाणी : लँकेस्टरच्या आमिश बायकांकडे दोन दिवस

आईला अमेरिकेत दाखवण्यासारखं माझ्याकडचं सगळं संपलं होतं. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, न्यूयॉर्कला दोनदा जाऊन आलो. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच माझ्याकडे, न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवेला आली होती. मी ऑफिसच्या कॉलवर असले की ती खिडकीशी बसून समोरच्या पार्किंगकडे बघत राहायची. एका संध्याकाळी तिने मोबाइलवर आमिश या जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या बायकांचा एक व्हिडिओ पाहिला आणि मला हाक मारली.

"हे बघ. वीज नाही, टीव्ही नाही, घोड्याच्या गाडीतून फिरून राहिल्या. अन् हे अमेरिकेत? मला हे दाखव."

माझा नवरा अनिकेत म्हणाला, "यार, माझं रिलीज आहे. तुम्ही दोघी जा ना, मी नेक्स्ट टाइम येतो." म्हणून मार्चअखेरच्या एका रविवारी आई आणि मी, दोघीच लँकेस्टरकडे निघालो.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं. मोठ्या हॉटेलात राहायचं असेल तर ऑनलाइन बुकिंग होतं. आम्हाला आमिश शेतावरच राहायचं होतं. त्यासाठी फोन करून निरोप ठेवावा लागतो, कारण फोन घरात नसतो. शेताच्या कडेला टेलिफोन बूथसारखी लाकडी टपरी असते. दिवसातून एकदा कोणीतरी तिथे जाऊन निरोप ऐकतं आणि उलट फोन करतं. पैसे रोख द्यायचे, कार्ड चालत नाही. खोलीचं भाडं साध्या मोटेलइतकंच, त्यात सकाळचा नाश्ता. आणि रविवारी जाऊ नका. रविवारी आमिश लोकांचं एकही दुकान उघडं नसतं, हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

पिस्कॅटवेहून ७८ नंबरचा हायवे धरायचा, डेलावेअर नदीच्या पुलावर टोल द्यायचा आणि रीडिंगच्या बाजूने २२२ ने खाली उतरायचं. वाटेत एका रेस्ट एरियात थांबून आईच्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. अडीच तासांचा रस्ता, पावसामुळे तीन तास लागले. फोटोंमध्ये दिसतात ती हिरवीगार शेतं या दिवसांत नसतात. ओली काळी माती आणि त्यावर पसरलेलं शेणखत. वास काचा बंद असूनही गाडीत येतो. मुख्य रस्ता सोडला आणि पहिली बग्गी दिसली. करड्या रंगाची, मागे लाल त्रिकोण लावलेली. तिच्या मागे आम्ही बराच वेळ बैलगाडीच्या चालीने गेलो. ओव्हरटेक करताना घाई करू नका. घोडा बुजतो, आणि त्या बग्ग्यांना गाडीचा धक्का बसला तर आत वाचण्यासारखं काही नसतं.

आमची यजमानीण लिडिया चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, हात कामाने लाल झालेले. निळा साधा झगा, काळा एप्रन, डोक्यावर पांढरी मलमली टोपी. तिला आठ मुलं. आम्हाला अंगणातल्या दोन खोल्यांच्या पाहुणेघरात ठेवलं होतं. आत गॅसचा दिवा आणि लाकडाची शेगडी. संध्याकाळी तिने आम्हाला घरातच जेवायला बोलावलं. लांबलचक टेबल, एका बाजूला मुलगे, दुसऱ्या बाजूला मुली, टोकाला तिचा नवरा. सगळ्यांनी माना खाली घालून मुक्याने प्रार्थना केली. बटाटे, नूडल्स, घरचा पाव, आंबटगोड भाज्यांचं लोणचं आणि शेवटी पाय नावाचा एक काळपट गोड पदार्थ.

आईने घास घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर काकवी आहे!"

मी लिडियाला सांगितलं की आमच्याकडेही असंच काहीतरी असतं. ती पहिल्यांदा हसली. तिची धाकटी मुलगी आईच्या साडीकडे टक लावून बघत होती. तिने आपल्या बोलीत, जर्मनसारखी असते ती, काहीतरी विचारलं. लिडियाने भाषांतर केलं, "ती विचारते आहे, सगळ्या इंग्लिश बायका असे कपडे घालतात का?" आमिश नसलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी इंग्लिश. माझी नागपूरची आई त्या टेबलावर इंग्लिश होती. आईला हे सांगितल्यावर ती पोट धरून हसली. दोन दिवसांतलं मोकळं हसणं तेवढंच.

सोमवारी जाग आली ती इंजिनाच्या फटफट आवाजाने. सोमवार कपड्यांचा. पेट्रोलवर चालणारं जुनं वॉशिंग मशीन, पिळायला दोन रूळ, आणि ओसरीपासून गोठ्याच्या उंच टोकापर्यंत कप्पीवर फिरणारी दोरी. लिडिया आणि तिच्या दोन मोठ्या मुली अंधार असल्यापासून धूत होत्या. चड्ड्या एकीकडे, झगे एकीकडे, उंचीप्रमाणे ओळीने. बोटं थंडीने सुजली होती. मध्येच एक मुलगी पाव भाजायला जाई, दुसरी कोंबड्यांकडे. आई पाहुणेघराच्या दारात उभी राहून बघत होती.

"दहा माणसांचं धुणं," ती म्हणाली. "अन् तोंडातून एक शब्द नाही काढून राहिल्या."

(फोटो काढू नका. त्यांना ते आवडत नाही. मीही काढले नाहीत, म्हणून या पोस्टमध्ये एकही नाही.)

घराला जोडूनच आणखी एक छोटं घर होतं. मुलगा किंवा मुलगी शेत सांभाळायला लागली की म्हातारे आईवडील अशा जोडघरात जातात. तिथे सकाळपासून बायका येत होत्या. कोणी झाकलेलं भांडं घेऊन, कोणी भरतकाम घेऊन. एक बाहेर पडली की दुसरी आत जायची. मी लिडियाला विचारलं.

"माझी आई," ती म्हणाली. "हृदय थकलंय. हॉस्पिटलमधून आम्ही तिला घरी आणलं. आता फार दिवस नाहीत."

बायकांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. दिवसरात्र कोणीतरी उशाशी असायचंच. हे मी आईला सांगितलं. बाबा दोन वर्षं अंथरुणावर होते. नागपूरच्या फ्लॅटमध्ये ती आणि एक पगारी बाई. मी पिस्कॅटवेहून व्हिडिओ कॉल करायची.

"हिच्याकडे माणसं आहेत," आई म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता, तरी मला तो लागला.

दहाच्या सुमारास लिडिया हात पुसत आमच्याकडे आली. आमिश बायका गाडी चालवत नाहीत, पण भाड्याने ड्रायव्हर करून दुसऱ्याच्या गाडीत बसतात. तिची नेहमीची ड्रायव्हर तापाने आजारी होती.

"मला नदीपलीकडे जायचं आहे. तुम्ही न्याल का? मैलाप्रमाणे पैसे देईन."

"पैसे नकोत," मी म्हटलं. "डॉक्टरकडे?"

"बहिणीकडे. आई तिला विचारते आहे. मी टपरीतून बरेच निरोप ठेवले, पण आमच्या नंबरवरून गेलेले निरोप ती ऐकत नाही."

गाडीत लिडिया पुढे बसली, आई मागे. सस्क्वेहाना नदीचा लांबच लांब पूल लागला. खाली गढूळ पाणी भरून वाहत होतं. आईचे प्रश्न चालू होते आणि मी गाडी चालवता चालवता भाषांतर करत होते. बहीण धाकटी का? हो, तिचं नाव रूथ. लग्न झालंय? हो. नवरा काय करतो? त्याची शेती आहे, आमच्या शेजारीच. मग ती नदीपलीकडे कशी?

लिडिया रस्त्याकडे बघत म्हणाली, "तिने बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेलं वचन मोडलं. ती निघून गेली. आमच्या चर्चच्या मंडळीने तिला बाहेर काढलं आहे."

बाहेर काढलं म्हणजे काय, ते तिने तुटक वाक्यांत सांगितलं. बोलता येतं. पण एका टेबलावर जेवता येत नाही. तिच्या हातून कुठलीही वस्तू घेता येत नाही. तिच्या गाडीत बसता येत नाही. लेकीशी आई, बहिणीशी बहीण, सगळ्यांनी हे पाळायचं. ती परत येऊन सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून चूक कबूल करेपर्यंत.

मी मराठीत सांगितलं. भाषांतराला अडचण पडलीच नाही, आपल्याकडे शब्द तयार होता.

"वाळीत टाकलं," आई म्हणाली.

रूथ एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर राहत होती. दार उघडलं तेव्हा तिच्या अंगावर वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराचा गणवेश होता, केस कानापर्यंत कापलेले. चेहरा मात्र लिडियाचाच. दोघी दारात उभ्या राहून आपल्या बोलीत बोलल्या. 'मॅम', म्हणजे आई, हा एक शब्द मला कळला. रूथ भिंतीला टेकली.

मग तिने आम्हाला आत घेतलं आणि चार कप कॉफी केली. आमचे दोन आमच्या हातात दिले. लिडियाचा कप टेबलावर ठेवून ती मागे सरकली. लिडियाने तो उचलला आणि खिडकीशी जाऊन उभ्यानेच प्यायली. दोघींनाही सवय असल्यासारखं ते झालं.

लिडिया कप धुवायला आत गेल्यावर रूथने मला विचारलं, "तिने तुम्हाला काय सांगितलं?"

"वचन मोडलंत म्हणाली."

रूथने मान हलवली. "माझा नवरा मला मारायचा. एकदा कुदळीच्या दांड्याने. मी मंडळीच्या वडीलधाऱ्यांना सांगितलं. त्याने मंडळीसमोर गुडघे टेकले, रडला. त्याला सहा आठवडे बाहेर ठेवलं आणि परत घेतलं. क्षमा केली की विषय संपतो. मग तो परत काढायचा नाही. त्याने परत मारलं आणि मी परत सांगायला गेले, तर म्हणाले, रूथ, तुझ्या मनात क्षमा नाही." ती थांबली. "मी दोन्ही मुलांना घेऊन निघाले. ती आता इथल्या शाळेत जातात. घटस्फोट आमच्यात नाही. त्याला सहा आठवडे. मला कायमचं."

आई माझ्या बाहीला धरून विचारत होती, "काय म्हणते? काय म्हणून राहिली ती?" मी सांगितलं. आईने कॉफीचा कप खाली ठेवला.

लिडिया बाहेर आली. रूथने तिला इंग्रजीतच विचारलं, बहुधा आम्हालाही कळावं म्हणून, "तो तिथे असतो का?"

"संध्याकाळी दूध काढायला मदतीला येतो. त्याच्या आधी तू निघू शकशील."

रूथ बराच वेळ गाडीच्या किल्ल्यांशी चाळा करत उभी राहिली. मग कोट घातला. जिन्याच्या खाली तिची जुनी लाल गाडी उभी होती. तिने शेजारचं दार उघडलं आणि लिडियाकडे बघितलं.

"येतेस?"

 लिडिया माझ्या गाडीत येऊन बसली. परतीच्या रस्त्यावर मला आरशात सगळा वेळ ती लाल गाडी दिसत होती. पुलावर, सिग्नलला, बग्गीच्या मागे अडकलो तेव्हाही. आत रूथ एकटी. लिडियाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, पण माझ्या वेगावर तिचं लक्ष होतं. "हळू," ती दोनदा म्हणाली. "ती मागे पडेल."

जोडघरातल्या खोलीत उशाशी बसलेली शेजारीण आम्हाला बघून उठली आणि रूथच्या शेजारून, तिला न पाहिल्यासारखं करत, बाहेर गेली. म्हातारी उंच उशांवर टेकून होती. कातडीखाली हाडं दिसत होती, टोपीच्या बंदाची मात्र नीट गाठ मारलेली. मी आणि आई दाराशीच थांबलो. परत फिरावं असं मला वाटत होतं. आई हलेना.

रूथ पलंगाशी गुडघ्यावर बसली. म्हातारीने डोळे उघडले, तिचे केस बघितले, मग चेहरा. तिने हात पुढे केला आणि रूथने तो दोन्ही हातांत घेतला. तेवढं चालत होतं. म्हातारी हळूहळू बोलू लागली. रूथ मान हलवत होती, नाही, नाही. म्हातारीने तेच पुन्हा म्हटलं. लिडियाने माझ्या कानात अगदी खालच्या आवाजात सांगितलं, "आई म्हणते आहे, परत ये. गुडघे टेक. नाहीतर तू मला वर भेटणार नाहीस."

रूथ रडत होती आणि तरी नाही म्हणत होती.

बोलून म्हातारीचा घसा सुकला. ती खोकायला लागली. रूथने तिपाईवरचा पाण्याचा पेला उचलला, म्हातारीच्या मानेखाली हात घातला आणि पेला ओठांना लावला. म्हातारीने ओठ मिटून घेतले. खोकला येत होता, छाती वरखाली होत होती, पण ओठ घट्ट मिटलेले. रूथ तशीच पेला धरून राहिली. लिडिया आता पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी होती. रूथने पेला खाली ठेवला असता तर लिडियाला तो उचलता आला असता. पण रूथ तो खाली ठेवत नव्हती.

आई माझ्या शेजारून पुढे गेली. "दे इकडे," ती मराठीत म्हणाली आणि तिने रूथच्या हातातून पेला घेतला. डाव्या हाताने म्हातारीची हनुवटी किंचित वर केली, बाबांची करायची तशी, आणि थोडं थोडं पाणी तिच्या ओठांत सोडलं. म्हातारी प्यायली. पेला रिकामा होईपर्यंत प्यायली. मग डोळे मिटून उशीवर कलंडली. खोलीत तिच्या श्वासाचा आवाज तेवढा होता.

रूथ उठली आणि बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले. ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. डोक्यावर सकाळचे कपडे दोरीवर फडफडत होते.

"तुमची आई ख्रिश्चन आहे का?" तिने विचारलं.

"नाही. हिंदू आहोत आम्ही."

"तिच्या हातचं चाललं," रूथ म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "बघितलंत ना? तिच्या हातचं चाललं."

 मी माझा नंबर एका कागदावर लिहून तिला दिला. तिने तो कोटाच्या खिशात घातला. ती पुन्हा आत जाऊन दुपारभर आपल्या आईजवळ बसली. म्हातारी मात्र झोपूनच होती. गोठ्यात दुधाच्या किटल्यांचा आवाज सुरू होण्याआधी लाल गाडी निघून गेली.

संध्याकाळी जेवणाचं आमंत्रण होतंच. पण आई म्हणाली, "मला घास जाणार नाही." आम्ही खोलीतच उरलेल्या पुऱ्या खाल्ल्या. लिडिया सरपणाची पेटी भरायला आली तेव्हा मी गप्प बसू शकले नाही.

"मारणारा आत आणि मार खाणारी बाहेर," मी म्हटलं. "तुम्हाला हे पटतं?"

तिने ओंडके एकावर एक नीट रचले. 

"मला पाच मुली आहेत," ती म्हणाली. "मी आज रूथच्या गाडीत बसले असते, आणि ते चूक म्हणायला नकार दिला असता, तर उद्या मलाही बाहेर काढलं असतं. मग माझ्या मुलींनी माझ्या हातचा पाव खाल्ला नसता. मोठीने तर नाहीच, ती फार नेमाची आहे." ती उठली. "तुमच्या आईला धन्यवाद सांगा. मी इथे सांगितलं असं कोणाला सांगू नका."

(म्हणूनच इथली सगळी नावं मी बदलली आहेत, आणि जागा ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. आणि सगळ्या आमिश घरांत असंच असतं असं माझं म्हणणं नाही. प्रत्येक मंडळीचे नियम वेगळे, कुठे सैल कुठे कडक. मी पाहिलं ते एक घर.)

मंगळवारी सकाळी निघालो. दुकानं उघडली होती. गोधड्यांच्या दुकानात गेलो. एकेक गोधडी बायकांनी हिवाळाभर मिळून शिवलेली, टाके इतके बारीक की मोजता येऊ नयेत. किमती हजार डॉलरच्या पुढेच. मी एक उशीचा अभ्रा घेतला. आईने काहीच घेतलं नाही. गाडीत ती बोलली ती थेट रीडिंग मागे पडल्यावर.

"लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी सासूबाई मला महिन्याचे चार दिवस मागच्या खोलीत बसवायच्या. ताट दारातून सरकवायच्या. मला वाईटही नाही वाटायचं गं. वाटायचं, असंच असतं." थोड्या वेळाने म्हणाली, "ती म्हातारी वाईट नाही. तिला खरंच वाटतं की लेक वर भेटणार नाही."

आपल्याकडे वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे, असं मी तिला सांगितलं. "कायदा आहे," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

घरी आल्यावर अनिकेतने विचारलं, "मग, कसं होतं? पीसफुल ना एकदम?" ऑफिसमध्येही तेच. किती साधं आयुष्य, किती छान, नो स्क्रीन्स. मी मान डोलवायची. कोणी तिकडे जायचं म्हटलं की रस्ता सांगते, रविवार टाळा म्हणते, काकवीचा पाय खा म्हणते. ते सगळं खरंच आहे. तिथल्या बायका एकमेकींना मरताना एकटं सोडत नाहीत, हेही खरं आहे, आणि त्या गोष्टीचा मला अजूनही हेवा वाटतो. आई नागपूरला परत जाईल तेव्हा तिच्या उशाशी कोण, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या सोबतीची किंमत कोणाकडून वसूल होते, तेही मी पाहून आले. दोन्ही एकाच घरात पाहिलं, त्यामुळे एक ठेवून दुसरं विसरता येत नाही.

एप्रिलच्या मध्यावर रूथचा फोन आला. म्हातारी गेली होती. अंत्यविधीला ती जाऊन आली होती.

आमिश बायकांना शेवटी पांढरे कपडे घालतात, ती म्हणाली, आणि ते घरच्या बायकाच घालतात. लिडियाने तिला खोलीत येऊ दिलं. त्यांच्या झग्याला बटणं नसतात, टाचण्यांनीच सगळं बसवायचं. रूथ एकेक टाचणी पलंगाच्या कडेवर ठेवत गेली आणि लिडिया ती उचलून लावत गेली. दोघींनी मिळून आईला तयार केलं.  अंत्यविधीला रूथचा नवरा पुरुषांच्या बाकांवर पुढच्या रांगेत होता.

माझी आई शेजारीच बसली होती. मी फोन ठेवल्यावर तिला सगळं सांगितलं. तिने टाचण्यांबद्दल काही विचारलं नाही, नवऱ्याबद्दलही नाही.

"जेवली का ती तिथे?"

तेही रूथने सांगितलं होतं. तीनशे माणसांची पंगत होती, आणि भिंतीकडे एक लहान टेबल वेगळं मांडलेलं, एका माणसापुरतं. ती त्यावर बसली नाही. परतताना पुलाअलीकडच्या पेट्रोल पंपावर तिने सँडविच घेतलं आणि गाडीत बसून खाल्लं.

"नाही," मी म्हटलं.

आई उठली आणि कणीक मळायला गेली.